अभ्रा विणण्यापूर्वी नमुना आवश्यक

दिवाणखान्यातील उशीसाठी लोकरीचा अभ्रा विणताना माप चुकल्यास कित्येक दिवसांचे काम उसवावे लागते. हे टाळण्यासाठी प्रथम त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, 15 सेंटीमीटरचा चौकोनी नमुना विणावा. तो धुऊन, सपाट वाळवून मधल्या 10 सेंटीमीटरमधील टाके मोजावेत. तेथे 20 टाके भरल्यास 38 सेंटीमीटर रुंदीसाठी 76 टाके घालावेत. शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका वाढवावा. विणकाम ताणले जात असल्याने 40 सेंटीमीटरच्या उशीवर असा अभ्रा नीट, घट्ट बसतो. मात्र विणणाऱ्याचा हात घट्ट असून नमुन्यात 22 टाके भरल्यास त्याच 76 टाक्यांची रुंदी जेमतेम 34.5 सेंटीमीटर होते. अशा वेळी 84 टाके घालावेत किंवा जाड सुयांवर नवा नमुना विणावा.