मलावरोध व त्यावरील सोपे उपाय

बद्धकोष्ठाची तक्रार बोलून दाखविण्यास विद्यार्थी लाजतात, आणि म्हणूनच ती पुष्कळ दिवस घरच्या माणसांच्या लक्षांत येत नाहीं. पोट फुगतें, भूक मंदावते, अभ्यासांत मन लागत नाहीं. पण कारण उघड होत नाहीं. या व्याधीचें मूळ समजलें तर तिचे उपायहि सहज समजतात, असें आम्हांस वाटतें.

मोठ्या आंतड्याचें एक काम म्हणजे अन्नाच्या चोथ्यांतील पाणी शोषून घेणें. चोथा तेथें जितका अधिक वेळ राहील तितका तो अधिक कोरडा व कठीण होतो. शाळेच्या घाईमुळें, किंवा शौचकूप अस्वच्छ म्हणून, मुलें शौचाची जाणीव दाबून ठेवतात. मग मळ कठीण होतो, विसर्जनाच्या वेळीं वेदना होतात, आणि त्या भीतीनें जाणीव पुन्हां दाबली जाते. शरीराची हांक टाळल्यानें हें दुष्टचक्र सुरू होतें.

पोटांत अन्न गेलें कीं मोठ्या आंतड्यास चालना मिळते. सकाळीं ती विशेष असते. म्हणून थोडें लवकर उठून न्याहारीनंतर ५ ते १० मिनिटें शांतपणें शौचास बसण्याचा नेम ठेवावा. उकिडवें बसणें उत्तम. कमोडवर बसावें लागल्यास पायांखालीं लहानसा पाट घ्यावा, म्हणजे गुडघे वर येऊन फार कुंथावें लागत नाहीं. आहारांत ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू हे पदार्थ असावेत. त्यांतील न पचणारा भाग पाणी धरून ठेवतो व मळ मऊ राखतो; मात्र पाणीहि भरपूर प्यावें. मैद्याच्या बिस्किटांत हा भाग फारच थोडा असतो. रोजचा मैदानी खेळहि उपकारक आहे.

चिनी वैद्यकांत शरीरावरील ठराविक ठिकाणीं बोटांनीं दाब देण्याची पद्धति आहे. बेंबीच्या दोन्ही बाजूंस सुमारें तीन बोटांच्या अंतरावर अशीं दोन स्थानें आहेत. उताणें निजून, सावकाश श्वास घेत, तेथें एक-दोन मिनिटें हलका दाब द्यावा. जेवणानंतर लगेच किंवा पोट दुखत असतां हें करूं नये. गरोदर स्त्रियांनींहि करूं नये. अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें १०० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत निराळ्या स्थानीं, म्हणजे गुदद्वाराच्या पुढील मऊ भागीं, दाब देण्यास शिकविलेल्यांपैकीं शेंकडा ७२ जणांनीं गुण आल्याचें सांगितलें. तथापि असा दाब नेमास साहाय्य करील, नेमाची जागा घेणार नाहीं.

पालकांस आमची विनंति अशी कीं, वैद्याच्या सल्ल्यावांचून मुलांस वरचेवर एरंडेल पाजूं नये. मळांत रक्त दिसल्यास, ओकाऱ्या किंवा तीव्र पोटदुखी झाल्यास, अथवा वजन घटूं लागल्यास तत्काळ डॉक्टरांस दाखवावें. आणि विद्यार्थिमित्रहो, तासाच्या मध्येंहि शौचाची जाणीव झाली तर गुरुजींची परवानगी मागण्यास लाजूं नका. त्यांत कमीपणा कसला?