एकच प्रोग्राम, दोन निकाल : आवृत्ती ‘पिन’ का करायची?



आज एका निकालपत्रकाची गोष्ट सांगतो. शहापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेसाठी मी पायथॉनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला. गुण भरले की टक्केवारी आणि श्रेणी तयार. तोच प्रोग्राम पेनड्राइव्हवरून मुरबाडच्या एका शिक्षक मित्राला दिला. पडताळणी म्हणून दोघांनी एकाच वर्गाचे गुण भरले. एका मुलीची टक्केवारी आली ३२.५. माझ्या जुन्या लॅपटॉपने तिचे ३३ केले, म्हणजे ‘ड’ श्रेणी. मित्राच्या नव्या लॅपटॉपने ३२ केले, म्हणजे ‘इ-१’. आता तुम्हाला माहीतच आहे, ‘इ’ श्रेणीतल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यावं लागतं. म्हणजे मुलगी तीच, गुण तेच, पण शाळेने तिच्यासाठी काय करायचं ते बदललं!

प्रोग्राममध्ये एका अक्षराचाही फरक नव्हता. मग फरक आला कुठून?

माझ्याकडे पायथॉन २ होतं, मित्राकडे पायथॉन ३. जुन्या पायथॉनमध्ये ‘राउंड’ केलं की अर्धा नेहमी वर जातो. नव्यात तो जवळच्या सम संख्येकडे जातो : ३२.५ चे ३२, पण ३३.५ चे ३४. प्रत्येक अर्धा वरच ढकलला तर एकूण बेरीज फुगते, म्हणून हा नियम. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर. चूक माझी होती : कोणतं पायथॉन वापरायचं हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

आपण जो प्रोग्राम लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. पण तो एकटा चालत नाही. त्याच्याखाली भाषेची एक आवृत्ती असते, आणि दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग, म्हणजे लायब्ररी, असतात. आपण नुसतं ‘ताजी आवृत्ती घ्या’ म्हटलं, तर आजची ताजी वेगळी आणि दिवाळीनंतरची वेगळी. म्हणून नेमका क्रमांक लिहून ठेवायचा. यालाच आवृत्ती ‘पिन’ करणं म्हणतात. फळ्यावर सूचना टाचणीने टोचून ठेवतो ना, तसंच.

क्रमांक तरी पुरतो का? पाड्यांची नावं दोन्ही तालुक्यांत सारखी असू शकतात, म्हणून आपण शाळा ओळखतो ती ११ अंकी यू-डायस क्रमांकावरून. सोर्स कोडची नोंद ठेवणारं ‘गिट’ (लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलं) प्रत्येक नोंदीला साधारणपणे ४० चिन्हांची ओळख देतं. यू-डायस क्रमांक बाहेरून दिला जातो. गिटची ही ओळख मात्र मजकुरातूनच तयार होते. एक स्वल्पविराम बदलला तरी ओळख बदलते. आवृत्तीचं नाव नंतर दुसऱ्याच मजकुराला चिकटवता येतं, ही ओळख चिकटवता येत नाही.

सोर्स तोच, साधनं त्याच आवृत्तीची, कृती तीच ठेवली, तर तयार होणारी फाइल दोन संगणकांवर तंतोतंत एकसारखी यायला हवी. याला पुनरुत्पादनक्षम बिल्ड म्हणतात. डेबियन या मुक्त प्रणालीचे स्वयंसेवक २०१३ पासून याच्या मागे आहेत. फायदा काय? मी दिलेल्या फाइलवर तुम्ही नुसता विश्वास ठेवायचा नाही. स्वतः बनवून जुळवून बघायचं. उत्तरपत्रिकेची फेरतपासणीच म्हणा!

पिन करून भागत नाही, प्रतही जवळ हवी. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाची जेमतेम ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने इंटरनेटवरून काढून घेतली आणि जगभरातले हजारो प्रकल्प अडले. आपल्याकडे तर पाड्यावर रेंज मिळेल की नाही याचाच भरवसा नसतो.

मग पिन केलं की कायमचं? नाही. पायथॉन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. त्याला चिकटून राहणं धोक्याचं. बदल करायचा, पण ठरवून आणि नोंद करून. आपल्या परंपरेत याचं सुंदर उदाहरण आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे नकला होता होता पाठभेद शिरले. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवला, सालाची नोंद केली, आणि यात कुणी आपली ओवी घुसडू नये असं बजावलं. आधी तपासणी, मग पिन!

आम्ही शेवटी एवढं केलं :

१. पायथॉन ३ ची एकच आवृत्ती दोघांनी ठरवली आणि फाइलच्या डोक्यावर लिहिली.
२. प्रत्येक लायब्ररीपुढे दोन ‘बरोबर’ चिन्हं देऊन नेमका क्रमांक टाकला.
३. अर्ध्या गुणाचं काय करायचं ते भाषेवर न सोडता प्रोग्राममध्येच स्पष्ट लिहिलं.
४. सगळ्याची प्रत पेनड्राइव्हवर ठेवली.
५. ३२.५ आणि ४०.५ हे गुण कायमची चाचणी म्हणून ठेवले. काहीही बदललं की आधी हे दोन भरून बघायचे.

तुमच्या शाळेत गुणांची एक्सेल शीट किंवा प्रोग्राम वापरत असाल, तर आजच ३२.५ भरून बघा. शेजारच्या शाळेतही भरायला सांगा. उत्तर जुळलं तर उत्तमच. नाही जुळलं, तर निकाल लागण्याआधी कळलं हे बरंच झालं.