आडनावाचा माग काढायचाय? नामपल्लीचं तिकीट काढा!

मराठवाड्यातल्या मंडळींनो, आपल्या घराण्याचे जुने कागद 1948 आधीच्या निजाम राजवटीतले. म्हणजे शोध हैदराबादपर्यंत जाणारच. नामपल्ली स्टेशनला उतरा, मेट्रोने अमीरपेठला गाडी बदला आणि तारनाका गाठा. तेलंगणाचं राज्य अभिलेखागार तिथे आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीलाही निजामकाळातल्या कागदांसाठी हैदराबादकडे वळावं लागलं होतं.

कागद बहुधा फारसी किंवा उर्दूत. उर्दू लिपीत ‘ळ’ नाही, त्यामुळे ‘काळे’ आणि ‘काले’ एकसारखेच दिसतात. साल फसली असतं. त्यात 590 मिळवा: फसली 1310 म्हणजे इ.स. 1900-01.

आणि माझं कळकळीचं सांगणं, नुसत्या आडनावावर विसंबू नका. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही वतनांची नावं, गावोगावी वेगवेगळ्या घराण्यांकडे होती. आडनाव जुळलं म्हणून भाऊबंद ठरत नाहीत. शिवाय कित्येक जुन्या नोंदींत आडनावच नसतं, फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव. म्हणून निघण्यापूर्वी गाव, तेव्हाचा तालुका, जमिनीचा सर्व्हे नंबर आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. हे काम आजच करा!