सातशे फुटांची युद्धनौका एका फुटात

लढाऊ जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडवण्याचा छंद वरवर पाहता लहान मुलांच्या खेळण्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ते गणित, इतिहास आणि हस्तकौशल्य यांची कसोटी पाहणारे काम आहे. मूळ जहाज भंगारात गेल्यावर तर या प्रतिकृतींना दस्तऐवजाचे मोल येते.

मुंबईच्या नौदल गोदीत २००१ ते २०१२ या काळात संग्रहालय म्हणून उभी असलेली 'आयएनएस विक्रांत' अनेक मुंबईकरांच्या स्मरणात असेल. भारताची ही पहिली विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. देखभालीचा भार न पेलल्याने आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले. २०१४ मध्ये नौका भंगारात निघाली आणि दारूखान्यात तिचे पोलाद कापले जाऊ लागले. त्यातील काही धातू वापरून मुंबईत २०१६ मध्ये एक स्मारक उभारण्यात आले. पण नौका म्हणून 'विक्रांत' आता कुठेही पाहता येत नाही.

तिच्या भगिनी नौकांचेही असेच झाले. 'विक्रांत' मूळची ब्रिटनच्या 'मॅजेस्टिक' वर्गातील 'हर्क्युलिस'. या वर्गातील सहा नौकांपैकी दोन ऑस्ट्रेलियाने, दोन कॅनडाने आणि एक भारताने वापरली. सहावी कधी पूर्णच झाली नाही. आज या सहांपैकी एकही शिल्लक नाही. अशा वेळी ती नौका चारही बाजूंनी कशी दिसत होती, हे पुढच्या पिढीला दाखवायचे कसे? छायाचित्र एका क्षणाची एकच बाजू दाखवते आणि आराखडा वाचायला तज्ज्ञ लागतो. प्रतिकृती मात्र कोणालाही, कोणत्याही बाजूने पाहता येते. म्हणूनच ती अचूक असणे महत्त्वाचे ठरते.

प्रमाणाचे गणित

कोणत्याही प्रतिकृतीचा पाया म्हणजे प्रमाण. जहाजांच्या प्लास्टिक संचांमध्ये आज १:७०० आणि १:३५० ही दोन प्रमाणे सर्वाधिक रूढ आहेत. त्यांपैकी १:७०० हे प्रमाण रुजवले ते जपानने. शिझुओका येथील तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन 'वॉटरलाइन' मालिका सुरू केली. त्यात जहाजाचा पाण्याखालचा भाग वगळून केवळ जलरेषेच्या वरचा भाग दिला जाई. त्यामुळे प्रतिकृती टेबलावर ठेवली की ती समुद्रात तरंगत असल्याचा भास होतो. शिवाय सर्व जहाजे एकाच प्रमाणात असल्याने त्यांची तुलनाही करता येते.

'विक्रांत'ची लांबी सुमारे ७०० फूट होती. म्हणजे १:७०० या प्रमाणात ती बरोबर एक फुटाची होते. या एका फुटावर बाकीचे जग किती लहान होते, हे पाहण्यासारखे आहे. १.७ मीटर उंचीचा खलाशी जेमतेम अडीच मिलिमीटरचा उरतो. सुमारे १२ मीटर लांबीचे 'सी हॉक' विमान १७ मिलिमीटरचे होते. माणसाच्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर धरली, तर या प्रमाणात तो केस पाच सेंटिमीटर जाडीचा दोरखंड ठरतो! ब्रशने दिलेल्या रंगाचा जाड थर ०.१ मिलिमीटरचा असेल, तर जहाजावर सात सेंटिमीटरचा लेप चढवल्यासारखे होते. बारीक तपशील रंगाखाली बुजतात ते यामुळेच. म्हणून अनुभवी कारागीर हवेच्या दाबाने रंगाचा सूक्ष्म फवारा उडवणारा एअरब्रश वापरतात आणि एका जाड थराऐवजी अनेक विरळ थर देतात.

आधी साल ठरवा

नवशिक्या छंदिष्टाला वाटते की पहिला प्रश्न रंगाचा किंवा गोंदाचा. जाणकार मात्र पहिला प्रश्न विचारतात तो सालाचा. युद्धनौका तीस-चाळीस वर्षे सेवेत असते आणि प्रत्येक मोठ्या डागडुजीत तिचे रूप पालटते. त्यामुळे 'विक्रांतची प्रतिकृती' असे म्हणणे अपुरे आहे. कोणत्या वर्षीची 'विक्रांत', हे सांगावे लागते.

४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे भारतीय नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत'वर विमाने उतरण्यासाठी तिरकी धावपट्टी होती आणि विमानांना वेग देऊन हवेत फेकणारा, वाफेवर चालणारा कॅटपल्ट होता. डेकवर 'सी हॉक' लढाऊ विमाने आणि पाणबुडीविरोधी 'अलिझे' विमाने असत. डिसेंबर १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवले ते याच विमानांनी. ऐंशीच्या दशकात 'सी हॅरियर' आली आणि त्या दशकाच्या अखेरीच्या मोठ्या फेरबदलात कॅटपल्ट निघून डेकच्या पुढच्या टोकाला सुमारे पावणेदहा अंशांची चढण, म्हणजे 'स्की जंप', बसली. साहजिकच स्की जंप असलेल्या डेकवर 'सी हॉक' उभे केले, की ती प्रतिकृती कितीही सफाईदार असली तरी इतिहास म्हणून खोटी ठरते.

चूक करायला ध्वजही पुरेसा असतो. भारतीय नौदलाच्या ध्वजावर १९५० पासून २००१ पर्यंत पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबडा क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा होता. पुढे त्यात बदल होत गेले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवी 'विक्रांत' दाखल झाली, त्याच दिवशी शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला अष्टकोन असलेला नवा ध्वज स्वीकारण्यात आला. १९७१ च्या नौकेवर हा नवा ध्वज लावणे आपल्याला आज कितीही आवडले, तरी ते चुकीचेच.

पुराव्यांची जुळवाजुळव

साल ठरले की शोध सुरू होतो तो पुराव्यांचा. आराखडे, छायाचित्रे आणि चित्रफिती हे त्याचे तीन आधार. यांतील आराखडा सर्वांत विश्वासार्ह, असा समज असतो. पण आराखडा जहाज कसे बांधायचे ठरले ते सांगतो, ते प्रत्यक्षात कसे बांधले गेले ते नव्हे. गोदीतील कामगार एखादी शिडी हलवतात, एखादी पेटी वाढवतात. त्याची नोंद कागदावर होतेच असे नाही. त्यामुळे शेवटचा शब्द त्या वर्षीच्या तारीखवार छायाचित्राचा मानला जातो. तारीख नसेल, तर रडार, तोफा किंवा डेकवरील विमानांचा प्रकार पाहून ती अनुमानाने ठरवावी लागते. एका अर्थी हे इतिहासकाराचेच काम आहे.

हव्या त्या जहाजाचा संच नेहमी मिळतो असेही नाही. मग त्याच वर्गातील दुसऱ्या नौकेचा संच घेऊन त्यात बदल केले जातात. इथे 'मॅजेस्टिक' वर्गासारखी उदाहरणे कस पाहतात. या नौकांची मूळ ठेवण एकच. परंतु प्रत्येक देशाने ती आपल्या गरजेनुसार वेगवेगळ्या काळात पूर्ण करून घेतली. त्यामुळे धड चालून जाते, पण डेक, उजव्या कडेचा मनोरा आणि डोलकाठी नव्याने घडवावी लागते.

कठडे, शिड्या आणि तारा

प्रत्यक्ष बांधणीला ठरावीक क्रम असतो. प्रथम धडाचे दोन भाग जोडून सांधे पुटीने भरायचे आणि पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने घासून एकजीव करायचे. त्यावर अस्तराचा रंग दिला की राहिलेले ओरखडे उघडे पडतात. डेक आणि मनोरा स्वतंत्रपणे रंगवून मग जोडायचे, कारण जोडल्यावर कोपऱ्यांत ब्रश पोहोचत नाही. नाजूक कठडे, डोलकाठीवरील तारा आणि आकाशक अगदी शेवटी. नाहीतर हाताळताना ते मोडलेच म्हणून समजावे.

खरे कसब आहे ते तपशील भरण्यात. साच्यात ओतलेले प्लास्टिक ठरावीक मर्यादेपलीकडे पातळ करता येत नाही. म्हणून जाळीदार रडार, शिड्या, कठडे यांसाठी पितळेच्या अतिपातळ पत्र्यातून रासायनिक प्रक्रियेने कोरून काढलेले भाग वापरतात. साधारण एक मीटर उंचीचा कठडा १:७०० प्रमाणात दीड मिलिमीटरहून कमी उंचीचा होतो. तो चिमट्याने पकडून, डेकच्या वळणाप्रमाणे वाकवून, सुईच्या टोकावरील थेंबभर गोंदाने चिकटवायचा असतो. तारांसाठी जुनी युक्ती आजही कामी येते. संचाच्या चौकटीतील प्लास्टिकची उरलेली कांडी मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून झटकन ताणली, की केसाहून बारीक धागा तयार होतो. अलीकडे त्रिमितीय मुद्रणाने बोफोर्ससारख्या लहान तोफांचे नळ्यांसह सुबक भाग मिळू लागल्याने हे काम पुष्कळ सोपे झाले आहे.

तरीही कुठे थांबायचे हे कळणे मोठे कौशल्य. खऱ्या कठड्याची एक सेंटिमीटर जाडीची तार या प्रमाणात ०.०१४ मिलिमीटरची व्हायला हवी. पितळेचा कठडा त्याहून कितीतरी जाड असतो. म्हणजे प्रत्येक तपशील थोडा फसवाच. जे खऱ्या जहाजावर दूरवरून दिसणारच नाही, ते प्रतिकृतीवर ठळक केले तर नौका लहान आणि खेळण्यासारखी भासते. गंजाच्या ओघळांचेही तसेच. नांगराच्या साखळीपाशी एखादी तांबूस रेघ शोभते. पण ज्या नौकेवर खलाशांचे हात सतत रंगकामात गुंतलेले असतात, ती संपूर्ण गंजलेली दाखवणे हा तिच्यावर अन्यायच.

समुद्रही खरा हवा

प्रतिकृती समुद्रात दाखवायची असेल, तर पाण्यालाही नियम लागू होतात. विमाने उडवताना विमानवाहू नौका वाऱ्याकडे तोंड करून धावते; त्यामुळे ध्वज मागच्या दिशेनेच फडकला पाहिजे. पंख मिटलेले विमान उड्डाणाच्या जागी उभे असणे अशक्य. १९७१ च्या युद्धकाळात 'विक्रांत'च्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते आणि तिचा वेग मर्यादित झाला होता. हे ठाऊक असलेला कारागीर नाळेपाशी उसळत्या फेसाच्या भिंती उभ्या करणार नाही. तो शांत, आखूड लाट दाखवील. पाहणाऱ्याला कदाचित ते जाणवणारही नाही. पण एका बॉयलरविना युद्धात उतरलेल्या त्या नौकेची जिद्द त्या आखूड लाटेत नोंदलेली असते.

मूळ नाहीसे झाल्यावर

जहाजांच्या प्रतिकृती हा केवळ विरंगुळा नव्हता, याची साक्ष इतिहास देतो. सतराव्या-अठराव्या शतकांत ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या १:४८ प्रमाणातील लाकडी प्रतिकृती बनत. त्यांपैकी अनेकींच्या धडावरील फळ्या मुद्दाम वगळलेल्या असत, जेणेकरून आतील रचना दिसावी. मूळ जहाजे केव्हाच नष्ट झाली. प्रतिकृती मात्र ग्रीनिच आणि अ‍ॅनापोलिस येथील संग्रहालयांत टिकून आहेत.

जपानच्या 'यामातो'चे उदाहरण त्याहून बोलके आहे. ही महाकाय युद्धनौका ७ एप्रिल १९४५ रोजी बुडाली. बांधणीच्या वेळी तिच्याविषयी कमालीची गुप्तता पाळली गेली होती आणि पराभवाच्या वेळी जपानी नौदलाने असंख्य कागदपत्रे जाळली. उरलेले आराखडे, मोजकी छायाचित्रे आणि समुद्रतळावरील अवशेषांची पाहणी यांच्या आधारे तिचे रूप पुन्हा जुळवावे लागले. जिथे ती बांधली गेली, त्या कुरे शहरातील संग्रहालयासाठी २००५ मध्ये तिची १:१० प्रमाणातील, २६.३ मीटर लांबीची प्रतिकृती उभी राहिली.

'विक्रांत'च्या बाबतीत परिस्थिती इतकी बिकट नाही. तिची छायाचित्रे आहेत, तिच्यावर सेवा बजावलेले नौसैनिक आहेत, तिच्या डेकवर फिरून आलेले हजारो प्रेक्षक आहेत. पण आठवणी विरतात आणि घरोघरच्या अल्बममधील छायाचित्रे पिवळी पडतात. त्या आठवणी ताज्या आहेत तोवर त्यांची पडताळणी करून कुणीतरी एक फूट लांबीची, एका निश्चित वर्षाची, प्रामाणिक 'विक्रांत' घडवणे म्हणूनच मोलाचे आहे. पोलाद वितळवता येते. नीट मोजून जपलेले रूप मात्र उरते.