गृहपाठातील पायरी आणि तिचे कारण : बीजगणित व भूमितीच्या अध्यापनाचा एक विचार

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात स्थलांतर करतात. आईवडिलांसोबत गेलेला विद्यार्थी परततो, तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. गेवराई तालुक्यातील उमापूर किंवा तशाच एखाद्या गावी परतलेल्या अशा विद्यार्थ्यास घरी गणित समजावून देणारे कोणी असेलच असे नाही. त्याच्या हाती येते ती मित्राची गृहपाठाची वही. तीत केवळ आकडेमोड असेल तर ती उतरवून घेण्यापुरतीच उपयोगी पडते. प्रत्येक पायरीचे कारण लिहिलेले असेल तर तीच वही शिक्षकाचे काम करते.

भूमितीत विधानापुढे कारण लिहिण्याची शिस्त शाळेत आवर्जून लावली जाते. बीजगणितात मात्र तिचा आग्रह क्वचितच धरला जातो. ही उणीव पुढे महाविद्यालयीन वर्गातही जाणवते.

उदाहरण व उकल :
एका आयताकृती वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने अधिक असून कर्ण १३ मीटर आहे. लांबी व रुंदी काढा.

१) रुंदी क्ष मीटर मानू, म्हणून लांबी (क्ष + ७) मीटर. (दिलेली माहिती)
२) क्ष² + (क्ष + ७)² = १३² (आयताचा कोन काटकोन असतो; पायथागोरसचे प्रमेय)
३) २क्ष² + १४क्ष + ४९ = १६९ (वर्गविस्तार)
४) २क्ष² + १४क्ष − १२० = ० (दोन्ही बाजूंतून १६९ वजा)
५) क्ष² + ७क्ष − ६० = ० (दोन्ही बाजूंना २ ने भागून)
६) (क्ष + १२)(क्ष − ५) = ० (अवयव पाडून)
७) क्ष = −१२ किंवा क्ष = ५ (गुणाकार शून्य असल्यास एक तरी अवयव शून्य असतो)
८) रुंदी ऋण नसते, म्हणून रुंदी ५ मीटर व लांबी १२ मीटर.
ताळा : २५ + १४४ = १६९.

दुसरी पायरी भूमितीची आहे, पुढील पायऱ्या बीजगणिताच्या, तर आठवी पुन्हा आकृतीकडे नेणारी आहे. कारणे लिहिल्यामुळेच दोन्ही शाखांचा हा सांधा विद्यार्थ्यास दिसतो.

परंपरेतील आधार :
भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ (इ.स. ११५०) या ग्रंथाच्या ‘बीजगणित’ या भागात वर्गसमीकरणाची श्रीधराचार्यांची रीत दिली आहे. तीनुसार पाचव्या पायरीपासून समीकरणास ४ ने गुणावे : ४क्ष² + २८क्ष = २४०. दोन्ही बाजूंत ४९ मिळविल्यास (२क्ष + ७)² = २८९ येते; म्हणून २क्ष + ७ = १७ किंवा −१७, आणि क्ष च्या त्याच दोन किमती मिळतात. गुणावयाचे ते डावी बाजू पूर्ण वर्ग व्हावी म्हणून. हे कारण गाळल्यास रीत केवळ पाठ करण्याची बाब उरते. वानरांच्या कळपाविषयीच्या प्रसिद्ध उदाहरणात भास्कराचार्यांनी दोन उत्तरांपैकी एक प्रसंगाशी विसंगत म्हणून त्याज्य ठरविले आहे. आठव्या पायरीतील विचार हाच होय.

चुकांचे मूळ :
‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे सूत्र कारणाविना शिकलेला विद्यार्थी ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ = ९ असे लिहितो. वस्तुतः येथे काहीच पलीकडे जात नाही; दोन्ही बाजूंना ३ ने भागले जाते व क्ष = ४ मिळते. तसेच क्ष² = ३क्ष या समीकरणास सरळ क्ष ने भागल्यास शून्य हे उत्तर हरवते. क्ष शून्य असू शकतो व शून्याने भागता येत नाही, हे कारण लिहिण्याची सवय असल्यास ही चूक त्याच पायरीवर थांबते.

निष्कर्ष :
गृहपाठ तपासताना उत्तराबरोबर कारणांचा स्तंभही तपासला जावा. अध्यापक महाविद्यालयांतील पाठ-नियोजनात व प्रथम वर्षाच्या उजळणी वर्गांत बीजगणितासही भूमितीप्रमाणे कारणलेखनाची शिस्त लावणे शक्य आहे. त्यासाठी वेगळे साहित्य अथवा खर्च लागत नाही. आणि मधल्या काळात शाळेपासून दुरावलेल्या विद्यार्थ्यास सुटलेला भाग स्वतः वाचून भरून काढण्याची वाट त्यातून मोकळी होते.