चायना ग्रास आणि शेवाळावरची अदृश्य वस्ती

रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर दुधातले थंडगार चायना ग्रास बहुतेक घरांत असतेच. जिलेटिन कशापासून काढले असेल ही शंका मनात असते, म्हणून आपण ते टाळतो. चायना ग्रासची तशी धास्ती नाही. ते लाल समुद्री शेवाळापासून काढतात. बाजारात त्यालाच अगर-अगर म्हणतात.

या अगरने विज्ञानाची मोठी खिदमत केली आहे. १८८१ च्या सुमारास जर्मनीत वाल्टर हेस हे डॉक्टर रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनचा थर वापरत. उन्हाळ्यात तो वितळे आणि काही जिवाणू तर तोच खाऊन टाकत. त्यांच्या पत्नी फॅनी हेस घरच्या जेलीत अगर घालीत. ही युक्ती त्यांना जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून मिळाली होती. त्यांनी सुचवले, हेच वापरून पाहा. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत अगर वापरतात. या बाईंचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे, याचे आम्हाला वाईट वाटते.

अगर बहुतेक जिवाणूंना पचत नाही, म्हणून ते उपयोगी पडले. पण समुद्रात ते पचवणारे जिवाणूही आहेत आणि त्यांतले बरेचसे राहतात शेवाळाच्याच अंगावर! ओहोटीच्या वेळी खडकावर दिसणारे बुळबुळीत शेवाळ म्हणजे जिवाणूंची दाट वस्तीच असते. शेवाळ साखरेसारखे पदार्थ बाहेर सोडते, जिवाणू ते खातात. बदल्यात काही जण त्याला जीवनसत्त्व बी-१२ पुरवतात. उल्वा नावाचे हिरवे, पातळ पानासारखे शेवाळ तर जिवाणूंशिवाय नीट वाढतच नाही. निर्जंतुक पाण्यात त्याचा आकारहीन पेशींचा गोळा होतो. योग्य जिवाणू मिळाले की पान धरते.

मग या वस्तीत कोण राहणार हे ठरते कसे? सिडनीच्या संशोधकांनी उल्वाचे नमुने तपासले. २०११ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की एकाच जातीच्या दोन शेवाळांवर जिवाणूंच्या जाती बऱ्याच वेगळ्या असतात, पण त्यांची कामे पुष्कळशी सारखी. म्हणजे मोहल्ल्यात एक शिंपी, एक सुतार, एक भटारी हवा. कोणत्या घराण्यातला, हे जो आधी पोचेल त्यावर. शेवाळही अगदी मुकाट बसत नाही. डेलिसिया नावाचे लाल शेवाळ असे रसायन सोडते, की जिवाणूंचा आपसातला रासायनिक संदेशच बिघडतो आणि त्यांना वस्ती करणे जड जाते.

उष्णता, पाण्याचा खारेपणा, ऊन यांनी हा तोल बिघडतो, आणि तेव्हा माणसांच्या पोटावर येते. दक्षिण फिलिपाइन्समधील तावी-तावी बेटांवर बहुसंख्य मुस्लिम वस्ती आहे आणि हजारो कुटुंबे दोऱ्यांना कापाफायकस हे शेवाळ बांधून शेती करतात. त्यातून निघणारे कॅरागीनन आइस्क्रीम आणि टूथपेस्टमध्ये जाते. पाणी फार तापले किंवा मोठ्या पावसाने खारेपणा उतरला की शेवाळ अशक्त होते, त्यावर चिकट द्रव सुटतो आणि जिवाणूंची संख्या निरोगी फांदीच्या दहा ते शंभर पट होते. फांदी पांढरी पडून तुटते आणि पीक समुद्रात वाहून जाते. तिथले लोक या रोगाला ‘आइस-आइस’ म्हणतात. तेच जिवाणू निरोगी फांदीवरही थोड्या संख्येने सापडतात, म्हणून नुसते जिवाणूंना दोष देणे आम्हाला पटत नाही.

औषध मारावे तर समुद्राला बांध नाही. म्हणून शेतकरी रोगट फांद्या तोडतात, दोऱ्या थोड्या खोल सोडतात, नाहीतर कोवळे पीकच काढून वाळवतात. कोवळ्या पिकात कॅरागीनन पुरते भरलेले नसते आणि व्यापारी त्याचा भाव पाडतो.