कानांची पाठशाळा

लेखनकला अवगत होण्यापूर्वी हजारो वर्षे माणसाची विद्या कानांवाटेच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात होती. गुरूने म्हणावे आणि शिष्याने ऐकून मुखोद्गत करावे, हीच त्या काळची पाठशाळा होय. जात्यावरच्या ओव्या आणि कीर्तनातील आख्याने हीसुद्धा अक्षरओळख नसलेल्या माणसांची पाठ्यपुस्तकेच होती. पुढे छापखाने निघाले, पुस्तके घरोघर पोहोचली आणि शिक्षणात डोळ्यांना मानाचे स्थान मिळाले. कान मात्र काहीसे मागे पडले. आता ‘पॉडकास्ट’ नावाच्या साधनाने त्यांना पुन्हा वर्गात बोलावले आहे.

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून भागाभागांनी मिळणारी, ध्वनिमुद्रित कार्यक्रमांची मालिका. रेडिओवरील कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो; ती वेळ टळली की तो हातचा गेला. पॉडकास्ट मात्र श्रोत्याच्या सवडीची वाट पाहतो. त्यातील एखादा भाग एकदा मोबाइलमध्ये उतरवून घेतला की पुढे इंटरनेट नसले तरी तो ऐकता येतो. वीस मिनिटांच्या साध्या भाषणाला सुमारे १० मेगाबाइट एवढी जागा पुरते. न समजलेले वाक्य पुन्हा ऐकता येते, मध्येच थांबून विचारही करता येतो. २००१ साली ‘आयपॉड’ नावाचे खिशात मावणारे ध्वनियंत्र बाजारात आले. त्याचे नाव आणि प्रसारण या अर्थाचा इंग्रजी शब्द यांच्या संयोगातून २००४ साली ‘पॉडकास्ट’ हा शब्द जन्मला. २०२२ साली त्या यंत्राचे उत्पादन थांबले; शब्द मात्र टिकून राहिला.

साधन नवे असले, तरी त्यामागील कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९२४ सालापासूनच रेडिओवरून शाळांसाठी पाठ प्रसारित होऊ लागले. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात वस्त्या इतक्या विरळ आहेत की, तेथील अनेक मुलांना सर्वांत जवळची शाळाही शेकडो किलोमीटर दूर पडते. त्यांच्यासाठी १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज या गावी ‘आकाशशाळा’ सुरू झाली. विमानातून रुग्णसेवा करणाऱ्या डॉक्टरांसाठी उभारलेल्या रेडिओयंत्रणेवरूनच शिक्षिकांचा आवाज घरोघर पोहोचू लागला, आणि पुढे मुलांना उलट प्रश्नही विचारता येऊ लागले. आपल्याकडे २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम प्रसारित होऊ लागला. महाविद्यालयेही मागे राहिली नाहीत. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २००४ साली प्रथम वर्षाच्या सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांना आयपॉड दिले. व्याख्याने मुद्रित करावीत, परभाषांचे उच्चार पुनःपुन्हा ऐकावेत, हा त्यामागील एक हेतू होता.

परंतु कानावर पडलेले सारेच मनात उतरते काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीत झालेल्या एका प्रयोगाने दिले आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन केली. गावकऱ्यांनी एकत्र बसावे, शेती, आरोग्य, साक्षरता अशा विषयांवरील कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवाव्यात, अशी योजना होती. प्रयोगानंतर गावागावांची तुलना करण्यात आली. काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात त्यांच्यापेक्षा पुष्कळच अधिक भर पडल्याचे दिसून आले. रेडिओ दोन्हीकडे होता. फरक पाडला तो चर्चेने!

पॉडकास्टच्या साहाय्याने शिकताना हेच सूत्र ध्यानी ठेवावयास हवे. ऐकण्यापूर्वी शिक्षकांनी एखाददुसरा प्रश्न फळ्यावर लिहून द्यावा, म्हणजे कान काहीतरी शोधू लागतात. मध्ये एकदोनदा ध्वनिमुद्रण थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारावे. ऐकून झाल्यावर प्रत्येकाने चार ओळी आपल्या शब्दांत लिहाव्यात आणि मग चर्चा करावी. असे न करता एकामागून एक भाग नुसते वाजत राहिले, तर ते उताणे न ठेवलेल्या घागरीवर पाणी ओतण्यासारखेच होईल.

काही गोष्टी तर कानांनीच शिकाव्यात अशा असतात. पावशाची साद अथवा कोकिळेचे कूजन अक्षरांत कसे उतरवावे? मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी या बोलींचा गोडवा ती बोली लहानपणापासून बोलणाऱ्याच्या तोंडूनच कळावा. ज्या मुलाला डोळ्यांनी दिसत नाही, त्याच्यासाठी तर असा पाठ म्हणजे स्वतःच उघडता येणारे पुस्तक होय. मात्र भूमितीतील आकृती किंवा नकाशातील नदी समजण्यास कागदच हवा. तसेच ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या हाती पाठाची लिखित प्रत दिलीच पाहिजे. नाहीतर एकासाठी उघडलेले दार दुसऱ्यासाठी बंद होईल.

श्रोत्याला स्वतः वक्ताही होता येते, हे या साधनाचे आणखी एक वैशिष्ट्य. साधा मोबाइल आणि एक शांत खोली एवढ्यावर विद्यार्थ्यांना आपला कार्यक्रम तयार करता येतो. गावातील वृद्ध कुंभाराची मुलाखत घ्यावयाची झाली, तर आधी प्रश्न नीट योजावे लागतात, त्याची अनुमती घ्यावी लागते, सांगितलेल्या गोष्टींची खातरजमा करावी लागते आणि अनावश्यक भाग गाळावा लागतो. निबंध लिहितानाही हेच करावे लागत नाही काय? शिवाय चाकाची घरघर आणि त्या कारागिराचा आवाज पुढील पिढ्यांसाठी जतन होतो, तो लाभ वेगळाच.

तथापि आवाज मधुर आहे म्हणून सांगितलेले सत्यच असेल, असे नाही. पॉडकास्ट कोणालाही काढता येतो. म्हणून बोलणारा कोण आहे, त्याला हे कोठून कळले आणि इतर जाणकार काय म्हणतात, असे तीन प्रश्न सुज्ञ श्रोत्याने नेहमी विचारावेत.

ध्वनिमुद्रित पाठ शंभर वेळा न कंटाळता बोलेल; पण ऐकणाऱ्याच्या कपाळावरील आठी त्याला दिसणार नाही. ती दिसते शिक्षकांना आणि शेजारी बसलेल्या सोबत्याला. म्हणूनच यंत्राने बोलावे, मुलांनी ऐकावे आणि मग सर्वांनी मिळून बोलावे. श्रवणाला मननाची जोड मिळाली, तरच कानांनी ऐकलेल्याचे ज्ञान होते.